खारव्यातली पोथी

अल रय्यान, कतार
१४ जानेवारी २०२२

वन्सं,

पत्र फाडायच्या आधी डबा उघडा. तिळाच्या वड्या आहेत, तुमच्या दातांचा विचार करून मऊ केल्यात. वरच्या मजल्यावरची हेझल, वसईची, इथं हॉस्पिटलात नर्स आहे. ती सुट्टीवर निघाली, तिच्या हाती देतेय. तिथनं ती कुरिअरनं टाकेल. काय करू? फोन तुम्ही घेत नाही. मोबाईलवर तुमच्या नावापुढं नुसता पांढरा गोल दिसतो. ईश्वरी म्हणाली, "आजी, शी ब्लॉक्ड यू." बारा वर्षांची नात मराठी सगळं समजते, बोलते मात्र साहेबासारखी.

कुशलला तुम्ही निरोप धाडलात, "तुझ्या आईला विचार, माझ्या वडलांची पोथी कुठं पुरली." वन्सं, ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील, अजून तुमचं तेच. तुमच्या भावाच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत, सगळ्या भावकीसमोर तुम्ही म्हणालात, "देवघरातली पोथी गेली. सरोजची पिशवी उघडा." उघडलीत ना? काय निघालं? दोन लुगडी, बामाची बाटली अन् सुपारीचा डबा. सुपारी तुम्हीच खाल्लीत.

आता मी विचारते. पोथी तुमच्याकडंच नाही कशावरनं? घराची किल्ली तुमच्या कमरेला. पोथीला हात लावायचा तो ह्यांनी नाहीतर तुम्ही. मी आपली अडतीस दसरे पाटाभोवती रांगोळी काढत बसले. जवळ गेले की तुमचं सुरू, "सून आहेस, लांबनं नमस्कार कर." मला काय माहीत त्यात काय आहे? वीतभर रुंद, दोन फळ्यांमधलं ते बाड, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. असलं मी कतारला आणून काय करू, वर्ल्ड कपच्या पाहुण्यांना दाखवू?

इथं सगळ्यांच्या डोक्यात तेच. समुद्राकाठी उलटं चालणारं घड्याळ लावलंय. तुमचा भाचा, कुशल, स्टेडियमला एसी बसवतोय. वर छप्पर नाही, अन् आत एसी.

वड्या कशा झाल्या ते कळवू नका. मला माहितीय, चांगल्या झाल्यात.

तुमची (तुमच्या मते चोर)
सरोज


२२ मार्च २०२२

वन्सं,

हेझल परत आली. तिच्या पत्त्यावर तुम्ही धाडलेली चिठ्ठी मिळाली. तीन वर्षांत तुमचं पहिलं अक्षर, अन् तेही एवढंच: "कोपरा कापडाच्या आत आहे. तुला कसा दिसला?"

तुम्ही मास्तरीण व्हायच्याऐवजी पोलिसात जायला पाहिजे होतं.

बरं, समजा. नुसतं समजा हं. समजा पोथी माझ्या कपाटात आहे, शालीखाली. तर ती मी का आणली असेल? वाचायला? मी सातवी पास, मला पोथ्यापुराणं कुठली कळायला. मग कशाला? तुम्ही डोकं चालवा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मामंजींनी पोथीला नवं लाल खारव्याचं कापड शिवलं आणि ह्यांना सांगितलं, आता तू पूजा करायची. दर दसऱ्याला ह्यांनी हळद वाहिली की खारव्याच्या काठाला गंधाचं एक बोट उमटवायचं. मी लांबनं मोजायचे. बस्स, याहून जास्त मी समजत नाही.

दुसरी गोष्ट. आमच्याकडं एक संशयास्पद माणूस येऊन गेला. कुशलचा वरचा साहेब, लामार नावाचा, अमेरिकन. साठीचा, उंच, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी आल्याचा चहा केला. म्हणाला, नो थँक्यू. मला वाटलं, साखर असेल. बिनसाखरेचा केला. तरी नाही. कॉफी? नाही. मग मी विचारलं, दारू? सूनबाईनं, अंतरानं, मला चिमटा काढला. तीही नाही! शेवटी गार पाणी प्यायला अन् घर बघत बसला. देवाऱ्याकडं तर दोनदा. "जुनं काय आहे का तुमच्याकडं, घराण्यातलं?" असं विचारलंन. जो माणूस कुणाच्या घरी चहा पीत नाही तो काहीतरी न्यायला आलेला असतो, मी आत्ताच लिहून ठेवते.

सरोज


३० मे २०२२

रत्नप्रभावन्सं,

तुमचं पूर्ण नाव लिहिलंय, म्हणजे मी किती चिडलेय ते कळेल.

पोथी बदललीत तुम्ही!

हो, हो, माझ्याकडंच आहे. लपवून काय करू आता. तेराव्याला तुम्ही पिशवी उघडायला लावलीत तेव्हा ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात होती, तळाला. त्याच डब्यातल्या पिठाची भाकरी तुम्ही दुसऱ्या दिवशी खाल्लीत आणि म्हणालात, "पीठ जुनं वाटतंय." मी तोंडाला पदर लावून बसले होते. लोकांना वाटलं रडतेय. दोन्ही होतं.

पण आता ऐका. ईश्वरीला शाळेत काम दिलं, घरातली जुनी वस्तू आणा आणि तिच्याबद्दल लिहा. मी दुपारी आडवी झालेले. कार्टीनं कपाट उघडलं, गाठ सोडली, अन् ओरडत आली, "आजी! इट्स इंग्लिश!"

मी म्हणलं, गप, पोथी कधी इंग्लिश असते का. उठून बघते तर खरंच. ना श्रीगणेशा, ना ओव्या. बारीक तिरकं इंग्रजी, पानंच्या पानं, वर तारखा. अठराशे त्रेपन्न. मध्ये काही सुटी पत्रं. अन् तळाला एकच पान मोडीचं.

ईश्वरीनं अडखळत वाचलं ते असं की कुणी अमोस टिल्डन म्हणून अमेरिकन पाद्री पुण्याला आला, पावसात भिजला, आणि त्याच्या धर्मात यायला कुणीच तयार नाही. सगळे त्याला एकच विचारतात, बायका किती? त्या पंथात तेव्हा दोन-दोन, चार-चार करायचे म्हणे. ह्या बिचाऱ्याला एकच होती, तिच्या आठवणीनं रडायचा.

सांगा आता. ह्याला आपण हळदकुंकू वाहिलं? ह्याच्यापुढं मी अडतीस वर्षं पुरणाचा नैवेद्य ठेवला? खरी पोथी कुठंय? तुम्हीच काढून ठेवलीत आणि भंगारवाल्याकडनं हे बाड आणून खारव्यात बांधलंत. म्हणूनच तेव्हा एवढा गळा काढलात. उत्तर द्या.

सरोज


१८ जुलै २०२२

वन्सं,

उत्तर नाही. म्हणजे चोर तुम्ही.

इथं उन्हानं नळाचं गार पाणी गरम येतं, गरम पाण्यानं हात भाजतो. माझं डोकंही तसंच झालंय. कुशलनं ऑफिसात ईश्वरीची गंमत सांगितली. टिल्डन हे नाव ऐकून लामार साहेब खुर्चीतनं उठला म्हणे. तो त्याच पंथाचा निघाला. मॉर्मन म्हणतात. म्हणून चहा नाही. म्हणजे आमच्या चहावर संशय नव्हता त्याचा, एवढं तरी बरं.

शुक्रवारी आला. खाली चटईवर मांडी घालून चार तास वाचत बसला. मी समोरच बसले, पानं मोजत. एका जागी त्याचे डोळे भरले. अंतरानं मला मराठीत सांगितलं. टिल्डन साहेबाला मराठी शिकवायला आप्पाजी मुनशी यायचे, म्हणजे तुमचे खापरपणजोबा. साहेबानं लिहिलंय: "माझा गुरू माझ्या खोलीत पाणी पीत नाही. माझ्या धर्माचा एक शब्दही त्याला पटलेला नाही. पण मला ताप आला तेव्हा अकरा दिवस तो दाराशी बसून होता, आणि त्याच्या बायकोनं खिडकीतनं पानाच्या द्रोणात पेज दिली. मी इथं कुणालाच बदलू शकलो नाही. मात्र मी बदललो."

मग लामार साहेब सांगू लागला, त्यांच्यात लग्न मेल्यावरही टिकतं, नवरा-बायको वर गेल्यावरही एकत्र. मी म्हणलं, आधी बायकोला विचारता की नाही? तो हसला. मी हसले नाही. आत जाऊन कांदा चिरत बसले.

जाताना म्हणाला, हे कागद फार मोलाचे आहेत, आमच्याकडं नीट जपले जातील. झालं! आता कळलं ना, देवाऱ्याकडं का बघत होता? आणि वन्सं, स्टेडियमचं काम संपतंय. रोज कुणाला ना कुणाला सांगतात, खलास, आता घरी जा. कुशलचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरपर्यंत. पुढचं लामार साहेबाच्या हाती, असं त्याला वाटतं. तेव्हापासनं तुमचा भाचा माझ्याशी भलताच गोड बोलतोय. "आई, पाय दुखतात का?" कधी विचारलं होतं यानं?

मला भीतीही वाटते. परधर्माचा प्रचार चालत नाही अशा परमुलखात, कपाटात पाद्र्याचं दप्तर. हेझलला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, घरात आहे ते घरात राहू द्या. बाहेर वाटायला गेलात तर पंचाईत."

मी एक युक्ती केलीये. भाजी चिरायच्या दोन फळ्या घेतल्या, मध्ये मिक्सरचं माहितीपुस्तक अन् एसीचे कॅटलॉग घातले, लाल ब्लाउजपीसमध्ये बांधलं, गाठीत एक लवंग खोचली आणि शालीखाली ठेवलं. बघू कोण हात लावतं. खरी कुठंय ते तुम्हाला सांगायला नको. इथंही ज्वारीचं पीठ मिळतं.

सरोज


६ ऑगस्ट २०२२

वन्सं,

लवंग पडली.

नेलं कुणी? कुशलनं. माझ्या पोटच्या पोरानं. सकाळी ऑफिसच्या बॅगेत घालून नेलं. मला दुपारी लवंग जमिनीवर दिसली आणि मी तिथंच बसले. तेराव्याला तुम्हाला काय झालं असेल ते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. हे तुम्हाला खूश करायला लिहीत नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात लामार साहेब, हातात ब्लाउजपीसची पुरचुंडी, मागं कुशल मान खाली घालून. साहेबानं चपला बाहेर काढल्या, पुरचुंडी माझ्यासमोर ठेवली, आणि हळू बोलला. अंतरानं सांगितलं, "आई, सर म्हणतात, तुमच्या मुलानं हे दिलं. मी विचारलं, आईंनी दिलंय का? तो जमिनीकडं बघायला लागला. म्हणून न उघडता परत आणलंय."

"उघडा की," मी म्हणलं.

उघडलं. मिक्सरचं माहितीपुस्तक, वर चटणी कशी वाटायची त्याचं चित्र. साहेब बघतच राहिला. मग एवढा मोठ्यानं हसला की शेजारचं दार उघडलं. कुशल मात्र रडवेला. म्हणाला, "आई, मला वाटलं, नुसती जुनी रद्दी तर आहे. माझी नोकरी टिकली तर ईश्वरीची शाळा टिकेल." साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुशल, तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्या हातात नाही. माझंही नोव्हेंबरात संपतंय."

बघा. ज्याच्यावर संशय घेतला तो सरळ निघाला, आणि ज्याच्यावर घ्यायचा विसरले तो घरातला. मग मला तुमची आठवण आली. तुमच्यावर घेतलेला संशय कुठल्या खात्यात टाकायचा?

म्हणून एक करते. तळाचं ते मोडी पान. साहेबाला ते येत नाही, मला येत नाही, इंटरनेटलाही धड येत नाही. मामंजींनी मोडी शिकवली ती एकट्या तुम्हाला. झेरॉक्स नाही पाठवत, खरं पान पाठवतेय, हेझलची चुलतबहीण तेरेसा पुण्याला चाललीये तिच्या हाती. वाचा. खोटं वाचलंत तर मला कळणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी पाठवतेय.

सरोज


१५ सप्टेंबर २०२२

वन्सं,

तुमचं पत्र आलं. चार पानी! अंतरानं वाचून दाखवू का विचारलं, मी म्हणलं, माझं मी वाचेन. स्वयंपाकघरात दार लावून वाचलं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही, भाताची खीर झाली.

आप्पाजींच्या त्या पानावरच्या, तुम्ही उतरवून दिलेल्या ओळी मला आता पाठ झाल्यात. "टिल्डन साहेब कराचीस जातात. त्यांचे दप्तर आम्हांपाशी ठेव म्हणोन आहे. ते अगर त्यांचे रक्ताचे माणूस आल्यास द्यावे, इतर कोणी मागितल्यास देऊ नये. दरसाल पाऊस सरल्यावर दसऱ्यास उन्हात काढून हळद घालावी, वाळवी न लागावी."

म्हणजे आपली पूजा ती ही. वाळवीसाठी हळद! अन् मी दरवर्षी डोळे मिटून नमस्कार करायचे, मनातल्या मनात मागणी मागायचे. वाळवीच्या औषधाकडं मागितलेलं सगळं मला मिळालं, एक सोडून.

आणि तुम्हाला हे अकरा वर्षांच्या असल्यापासनं माहीत होतं. मामंजी तुम्हाला म्हणाले, "पोथी आहे तोवर राहील. पाद्र्याचे कागद म्हणून कळलं की बंबात जाईल. तू बोलायचं नाहीस." साठ वर्षं बोलला नाहीत तुम्ही. भावालाही नाही. "लांबनं नमस्कार कर" ते त्यासाठी, कुणी गाठ सोडू नये म्हणून. आणि मी मनात म्हणायचे, मेली सोवळ्याची.

पत्र वाचून मी लामार साहेबाला गाठलं आणि म्हणलं, रक्ताचं माणूस शोधा, नाहीतर विषय संपला. त्यांच्यात एक आहे, सगळ्यांच्या वंशावळी लिहून ठेवतात, आपल्या भाटांसारख्या. आठवड्यात पत्ता लागला. टिल्डन साहेब कराचीहून परत आलाच नाही. त्याला तिकडनंच बोटीवर चढवलं आणि वाटेत तापानं गेला. बायको आधीच गेली होती, त्याला कळलंही नव्हतं. मागं एक मुलगी होती. तिच्या नातवाची मुलगी अजून आहे, चौऱ्याऐंशीची. फोनवर दाखवली. तुमच्यासारखीच दिसते, नाक वर.

ती म्हणाली, "आमच्याकडं पणजोबांच्या वडलांचं अक्षरसुद्धा नाही." असंच काहीसं, नात्याचा घोळ मला कळला नाही.

आता तुम्ही ठरवा. ठेव तुमच्या घराण्याची, माझं त्यात काय. मी चोरली तेव्हा मला खरं म्हणजे कागद नको होते. तुम्ही डोकं चालवलं असेलच.

दोन ऑक्टोबरला येतेय. स्टँडवर घ्यायला येऊ नका, आलात तर मी ओळख दाखवणार नाही. पिशवी मात्र दारातच उघडा, सगळ्यांसमोर. या खेपेला निघेल.

सरोज


२१ नोव्हेंबर २०२२

वन्सं,

कालपासनं मॅचेस सुरू झाल्या. गच्चीवर गेलं की आरोळ्या ऐकू येतात. कुशलच्या एसीत बसून जग ओरडतंय आणि कुशल आता हमद पोर्टला कंटेनर गार करतो. पगार थोडा कमी, पण "आई, पाय दुखतात का" अजून विचारतो. मी अजून संशयानं बघते.

लामार साहेब दहा तारखेला गेला. जायच्या आधी घरी आला. दसऱ्याला आपलं ठरलं होतं तसं दप्तर दिलं. आधी पावती लिहून घेतली, दोन प्रती, आप्पाजींसारखी. "रक्ताच्या माणसाकडे पोचवीन, वाटेत कोणी मागितल्यास देणार नाही." खाली सही. त्याला म्हणलं, दरवर्षी उन्हात काढा, हळद घाला. त्यानं गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. चहा नको म्हणालाच, मग ताक दिलं. दोन पेले प्यायला. तिसऱ्याला अंतरानं मला थांबवलं.

काल त्या म्हातारीचा फोन आला. मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. हळदीचा वास येतोय म्हणाली. ईश्वरी मध्ये बसून दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

मोडी पान तुमच्याकडं, कागद त्यांच्याकडं, आणि खारवा मला. दसऱ्याला पूजा झाल्यावर तुम्ही म्हणालात, "कापड धुऊन टाक आता, कशाला ठेवतेस." मी खारवा घडी करून माझ्या पिशवीत ठेवला आणि तशीच इकडं आले. सोडून बघायचा धीर झाला नव्हता.

आज सगळे मॅच बघायला गेले, तेव्हा काढला. खिडकीपाशी उन्हात पसरला. ह्यांची बोटं काठानं ओळीत होती, जुनी पुसट, शेवटची ठळक. शेवटच्या वर्षी हात कापायचा, ते बोट जरा फराटलंय. मोजली. अडतीस पाहिजेत.

एकोणचाळीस आहेत.

शेवटचं ताजं आहे, बारीक, बाईचं. ह्यांच्या शेवटच्या बोटाला अगदी चिकटून.

वन्सं, माझ्या पिशवीत हात घालायची तुमची सवय काही गेली नाही.

सरोज